अमॉक्सिसिलिन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमॉक्सिसिलिनबद्दल लोक पुन्हापुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. एकाच शंकेचे दहा अवतार होते, तिथे एकच ठेवला आहे. सुरुवातीचे प्रश्न सोपे, पुढचे किचकट. हे वाचून स्वतःचा डोस ठरवू नका. तो वजन, मूत्रपिंडाची स्थिती आणि आजार पाहून डॉक्टरच ठरवतात. पण दिलेला डोस नीट कसा घ्यायचा, यावर बरंच काही सांगण्यासारखं आहे.

१. अमॉक्सिसिलिन म्हणजे पेनिसिलिनच का?

त्याच घराण्यातलं, पण धाकट्या पिढीतलं. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये बुरशीतून पेनिसिलिनचा सुगावा लागला. त्याचं औषध मात्र ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं आणि १९४१ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचलं. टोचलं, कारण ते मूळ पेनिसिलिन पोटातल्या आम्लात टिकत नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बीचम कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत पेनिसिलिनच्या रेणूचा गाभा वेगळा काढता आला. त्या गाभ्याला वेगवेगळ्या शेपट्या जोडून नवी औषधं करणं मग शक्य झालं. १९६१ मध्ये ॲम्पिसिलिन आलं, १९७२ मध्ये अमॉक्सिसिलिन. या दोघांच्या रेणूत फरक एवढासाच, पण अमॉक्सिसिलिन तोंडाने घेतल्यावर कितीतरी चांगलं शोषलं जातं. म्हणूनच गोळ्यांच्या दुनियेत ॲम्पिसिलिन मागे पडलं.

या नात्याचा व्यवहारातला अर्थ एकच: पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर अमॉक्सिसिलिनचीही आहे असं धरून चालायचं. ती ॲलर्जी खरी आहे का, हा निराळा प्रश्न. त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

२. ते जंतूंना मारतं, मग आपल्या पेशींना का मारत नाही?

जिवाणूच्या पेशीभोवती एक कडक भिंत असते. आपल्या पेशींना ती नसतेच. भिंतीचे धागे एकमेकांत गुंफायचं काम जिवाणूची काही प्रथिनं करतात. अमॉक्सिसिलिन त्यांनाच जाऊन चिकटतं आणि गुंफण थांबवतं. जिवाणू वाढू पाहतो, भिंत कच्ची राहते, आतला दाब तिला पेलवत नाही आणि तो फुटतो. त्यामुळे वाढत असलेल्या, दुभंगत असलेल्या जिवाणूंवर हे औषध सगळ्यात चांगलं चालतं.

भिंतच नसलेले जंतूही असतात. मायकोप्लाझ्मा हा त्यांपैकी एक. तोही न्यूमोनिया करतो आणि त्याच्यावर अमॉक्सिसिलिन कितीही दिलं तरी उपयोग होत नाही.

३. सर्दी-खोकल्याला डॉक्टर आता हे देत नाहीत. मागच्या वेळी तर दोन दिवसांत बरं वाटलं होतं!

बरं वाटलं, यात शंका नाही. पण ते गोळीमुळे का, हा प्रश्न आहे. सर्दी, फ्लू, बहुतेक खोकले आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते, आणि विषाणूला भिंत नसते. माणूस साधारण आजार शिगेला पोचल्यावर डॉक्टरांकडे जातो. तिथून पुढचे दोन दिवस उताराचेच असतात. गोळी त्या उतारावर बसलेली असते आणि श्रेय तिला मिळतं.

"शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे जंतुसंसर्ग" हीही फार पसरलेली समजूत. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका विकराचा (एन्झाइमचा) असतो आणि विषाणूच्या सर्दीतही येतो. रंगापेक्षा दिवस मोजा. दहा दिवस झाले तरी उतार नाही, किंवा बरं वाटू लागल्यावर ताप पुन्हा उसळला, तर डॉक्टर सायनसमध्ये जिवाणू आहेत का याचा विचार करतात.

४. मग ते नेमकं कशावर चालतं?

स्ट्रेप्टोकोकस जंतूने आलेली घसादुखी आणि टॉन्सिल, मधल्या कानाचा संसर्ग, जिवाणूजन्य सायनस, न्यूमोनियाचे काही प्रकार, दाताच्या मुळाशी झालेला पू, गोचीड चावल्याने होणाऱ्या लाइम आजाराची सुरुवातीची अवस्था. पोटातल्या अल्सरला कारण असणाऱ्या एच. पायलोरीवरही ते देतात. पण तिथे कधी एकटं नाही, आम्ल कमी करणाऱ्या गोळीबरोबर आणि आणखी एखाद्या अँटिबायोटिकबरोबर, साधारण १४ दिवस. लघवीच्या संसर्गात पूर्वी ते सर्रास देत. आता तो जंतू, बहुधा ई. कोलाय, त्याला दाद देईल याची खात्री उरलेली नाही. म्हणून कल्चरचा, म्हणजे लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून केलेल्या तपासणीचा, अहवाल पाहूनच.

क्लेबसिएला आणि स्यूडोमोनास हे जंतू त्याला मुळातच जुमानत नाहीत. त्वचेवर पू करणारा स्टॅफिलोकोकसही बहुतेक वेळा जुमानत नाही.

दाढेचा वेगळा उल्लेख करायला हवा. दाढ ठणकली की अनेकजण आधी अमॉक्सिसिलिन घेतात. पू कोंडलेला असेल तर तो बाहेर काढणं, रूट कॅनाल किंवा दाढ काढणं हा उपचार. गोळी त्याच्या जोडीला, तीही सूज पसरत असेल किंवा ताप असेल तर. नुसत्या ठणक्यावर तिचा उपयोग नाही. ती वेदनाशामक नव्हे.

५. 'क्लॅव्ह' असलेली गोळी जास्त स्ट्राँग असते का? तीच द्या म्हणावं का?

स्ट्राँग नाही, वेगळी. काही जंतू एक विकर तयार करतात, बीटा-लॅक्टमेज. ते अमॉक्सिसिलिनचा रेणू मधोमध तोडतं. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड या विकराला स्वतःत अडकवून ठेवतं, म्हणजे अमॉक्सिसिलिन शाबूत राहतं. हे संरक्षकही एका सूक्ष्मजीवाकडूनच मिळालं, स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्हुलिजेरस त्याचं नाव. दोन्ही एकत्र असलेली गोळी १९८१ मध्ये बाजारात आली.

जंतू ते विकर बनवतच नसेल तर क्लॅव्हुलॅनिक ॲसिड म्हणजे फुकटचे जुलाब. घशाचा स्ट्रेप्टोकोकस बनवत नाही. न्यूमोनिया आणि कानाचा संसर्ग करणाऱ्या न्यूमोकोकसची गंमत तर आणखी: तो औषधाला दाद देईनासा होतो ते विकर बनवून नव्हे, तर औषध जिथे चिकटतं ती प्रथिनंच बदलून. तिथे क्लॅव्हुलॅनिक ॲसिड निरुपयोगी, पण साध्या अमॉक्सिसिलिनचा मोठा डोस अनेकदा पुरतो. मुलांच्या कानाला कधीकधी दुप्पट डोस लिहिलेला दिसतो, तो चुकून नसतो, याच कारणाने असतो.

६. ६२५ ची गोळी मिळाली नाही. ३७५ च्या दोन घेतल्या तर?

नको. हिशोब जुळतोय असं वाटतं, पण जुळत नाही. ६२५ म्हणजे ५०० मि.ग्रॅ. अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. ३७५ म्हणजे २५० आणि १२५. दोन घेतल्यात तर अमॉक्सिसिलिन ५०० होतं खरं, पण क्लॅव्हुलॅनिक ॲसिड दुप्पट, २५०. पोट बिघडवतं मुख्यतः तेच. १००० च्या गोळीतही ते १२५ च असतं, बाकी ८७५ अमॉक्सिसिलिन. तेव्हा या मिश्र गोळ्यांची बेरीज-वजाबाकी घरी करायची नाही. केमिस्टला किंवा डॉक्टरांना विचारायचं. (साध्या अमॉक्सिसिलिनच्या २५० च्या दोन कॅप्सूल म्हणजे मात्र ५००च.)

७. 'दिवसातून तीनदा' म्हणजे सकाळ-दुपार-रात्र की बरोबर दर आठ तासांनी?

आठ तासांच्या जितकं जवळ जाता येईल तितकं बरं. मूत्रपिंडं चांगली असतील तर रक्तातलं अमॉक्सिसिलिन साधारण तासाभरात निम्म्यावर येतं. सहा-आठ तासांत घेतलेल्यापैकी सुमारे ६० टक्के जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं. आणि हे औषध चालतं ते एका वेळी रक्तात किती उंच चढलं यावर नव्हे, तर पुरेशा पातळीवर किती तास राहिलं यावर. सकाळी ९, दुपारी १ आणि संध्याकाळी ६ असं घेतलं तर पुढचे पंधरा तास जंतूंना मोकळं रान.

गजर लावून मध्यरात्री उठायची गरज नाही. सकाळी ७, दुपारी ३, रात्री ११ हे बहुतेकांना जमतं. अर्ध्या-एक तासाने काही बिघडत नाही. डोस दिवसातून दोनदा लिहिला असेल तर प्रत्येक वेळची मात्रा मोठी असते. स्ट्रेप्टोकोकसच्या घसादुखीत मुलांना कधी दिवसातून एकदाच देतात, तेही चालतं. तो जंतू या औषधापुढे फारच दुबळा आहे.

८. जेवणाआधी की नंतर? दुधाबरोबर चालेल?

साध्या अमॉक्सिसिलिनला फरक पडत नाही, कधीही घ्या. मळमळत असेल तर खाल्ल्यावर. क्लॅव्हुलॅनिक ॲसिडवाली गोळी जेवणाच्या सुरुवातीला घ्यावी: पोटाला त्रास कमी आणि शोषणही चांगलं. जुनं पेनिसिलिन व्ही उपाशीपोटी घ्यायचं असतं. "अँटिबायोटिक उपाशीपोटीच" हा सरसकट नियम बहुधा तिथून आला असावा.

दूध चालतं. दुधाशी वैर आहे ते टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्यांचं.

९. एक डोस राहिला. आता दोन एकदम घेऊ? आणि गोळी उलटून पडली तर?

दोन एकदम नको. आठवण झाल्याबरोबर घ्या आणि पुढचे डोस नेहमीच्या वेळी. पुढच्या डोसची वेळ जवळच आली असेल तर राहिलेला सोडून द्या. चुकून दोन घेतल्या गेल्या तर निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला बहुधा पोट बिघडण्यापलीकडे काही होत नाही. भरपूर पाणी प्या आणि पुढचा डोस वेळेवर. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा मुलाने अर्धी बाटली संपवली असेल, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

औषध घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस पुन्हा द्यावा. त्यानंतर झाली तर पुन्हा देऊ नये. दर डोसला उलटी होत असेल तर औषध पोटात जातच नाहीये. ते बदलायला हवं.

१०. बाळाच्या औषधाची पूड पाण्यात कालवायची आहे. किती पाणी, किती दिवस टिकतं, किती द्यायचं?

या एका बाटलीत जितक्या चुका होतात तितक्या बाकी सगळ्या प्रकारांत मिळून होत नसतील, म्हणून सविस्तर.

आधी बाटली हातावर आपटून पूड सुटी करा. उकळून गार केलेलं पाणी घ्या, गरम नको. खुणेपर्यंत एकदम भरू नका. थोडं घाला, जोरात हलवा, पूड पूर्ण मिसळली की मग खुणेपर्यंत. फेस बसल्यावर पातळी खाली गेली तर पुन्हा खुणेपर्यंत. शक्य असेल तर केमिस्टकडूनच कालवून घ्या.

प्रत्येक वेळी देण्याआधी हलवा. तळाशी बसलेलं औषध हललं नाही तर पहिले दिवस पाणी आणि शेवटचे दिवस दाट डोस असा प्रकार होतो. कालवल्यानंतर ते ७ ते १४ दिवस टिकतं. नेमकं किती, ते लेबलवर असतं. क्लॅव्हुलॅनिक ॲसिड असेल तर फ्रिजमध्येच ठेवायचं, पण गोठवायचं नाही. उरलेलं पुढच्या आजारपणासाठी ठेवायचं नाही. बाटलीवर छापलेली मुदत कोरड्या पुडीची असते, कालवलेल्या औषधाची नव्हे.

आता माप. घरातला चमचा वापरू नका. बाटलीबरोबरचं माप किंवा तोंडाने द्यायची सिरिंज वापरा. सिरप मुख्यतः दोन ताकदींत येतं, ५ मिलीत १२५ मि.ग्रॅ. आणि ५ मिलीत २५०. समजा १० किलोच्या मुलाला एका वेळी २०० मि.ग्रॅ. द्यायचं आहे. पहिल्या बाटलीतून ते ८ मिली होतं, दुसरीतून ४ मिली. मागच्या वेळी किती मिली दिलं होतं हे आठवून देण्यात धोका आहे तो हा. ड्रॉप्स तर आणखी घट्ट: काही ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मि.ग्रॅ. असतं, म्हणजे १२५ च्या सिरपच्या चौपट. डॉक्टर काय लिहितात ते मिलिग्रॅममध्येही विचारून घ्या आणि बाटलीशी ताडून पाहा.

सिरपने दातांवर पिवळट-तपकिरी डाग पडले तर घाबरू नका. ते वरवरचे असतात, ब्रशने किंवा दंतवैद्याकडे साफ केल्यावर जातात.

पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळत असतील तर त्या बऱ्या. मुलांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना त्यांचीच शिफारस करते.

११. तिसऱ्या दिवशीच ठणठणीत वाटतंय. कोर्स पुरा करायलाच हवा का?

याचं जुनं उत्तर होतं "हो, नाहीतर जंतू निर्ढावतील." हे उत्तर आता इतकं सरळ राहिलेलं नाही. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये काही तज्ज्ञांनी उघडच लिहिलं की कोर्स अर्धवट सोडल्याने निर्ढावलेले जंतू वाढतात याला भक्कम पुरावा नाही. उलट गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने आपल्या आतड्यातल्या इतर जंतूंना निर्ढावायला वेळ मिळतो. तेव्हापासून अनेक आजारांचे कोर्स आखूड झाले आहेत. साध्या न्यूमोनियाला आता बऱ्याचदा पाचच दिवस देतात.

मग स्वतःच बंद करायचं का? माझं उत्तर तरीही नाही. कारण अपवाद महत्त्वाचे आहेत आणि ते बाहेरून ओळखू येत नाहीत. स्ट्रेप्टोकोकसच्या घसादुखीत दोन-तीन दिवसांत घसा मोकळा होतो, पण १० दिवस देतात ते घशासाठी नव्हे, संधिवाती ताप आणि त्यातून हृदयाच्या झडपांना होणारी इजा टाळण्यासाठी. एच. पायलोरीमध्ये अर्धा कोर्स म्हणजे जवळपास वाया. एकूण काय, "किती दिवस, आणि लवकर बरं वाटलं तर?" हे औषध लिहून घेतानाच विचारा. तेव्हा राहिलं असेल तर फोन करून विचारा.

आणि उलट बाजू: ४८ ते ७२ तासांत काहीच फरक नसेल तर गोळ्या संपायची वाट पाहू नका. निदान चुकलं असेल, जंतू वेगळा असेल किंवा कुठेतरी पू साठला असेल.

१२. जुलाब लागलेत. औषध थांबवू?

दिवसातून दोन-तीनदा पातळ होणं नेहमीचं आहे. आतड्यातले चांगले जंतूही मारले जातात, त्याचा हा परिणाम. औषध संपलं की थांबतं. पाणी आणि क्षार पोटात जाऊ द्या. प्रोबायोटिकने हे जुलाब काही प्रमाणात कमी होतात. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्यांनी मात्र ते विचारूनच घ्यावं. तोंड येणं, जिभेवर पांढरा थर, योनीत खाज आणि पांढरं जाणं हेही याच कारणाने: जंतू हटले की बुरशीला जागा मिळते. जीभ काळी, केसाळ दिसू लागली तरी ती निरुपद्रवी असते.

पाण्यासारखे सतत जुलाब, रक्त किंवा आव, पोटात कळा आणि ताप असेल तर ते वेगळं. क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू मोकळ्या आतड्यात माजतो तेव्हा असं होतं, आणि ते औषध संपल्यावर दोन महिन्यांपर्यंतही होऊ शकतं. जुलाब थांबवणारी गोळी घेऊन ते दाबू नका, डॉक्टरांना दाखवा आणि आधी घेतलेल्या अँटिबायोटिकचा उल्लेख करा.

१३. लहानपणी पेनिसिलिनची रिॲक्शन आली होती असं आई सांगते. आयुष्यभर टाळायचं का?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हा, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच.

"मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे" असं सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली तर दहातल्या नऊपेक्षा जास्त जणांना ती नसते. कुणाला तेव्हा नुसते जुलाब झाले होते, कुणाला विषाणूच्या तापातलं पुरळ आलं होतं, आणि कुणाची खरी ॲलर्जी वर्षांबरोबर ओसरलेली असते. खरी ॲलर्जी असलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची ती दहा वर्षांत निघून जाते.

पण म्हणून घरी घेऊन पाहायचं नाही! खरी ॲलर्जी असेल तर ती मिनिटांत जीव घेऊ शकते. सांगताना नेमकं सांगा: काय झालं होतं, गोळी घेतल्यावर किती वेळाने, दवाखान्यात दाखल करावं लागलं का, त्यानंतर कधी अमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन घेतलं गेलं का. (शेवटच्या प्रश्नाला बरेचजण सहज "हो, घेतलं की" म्हणतात, आणि ॲलर्जीचा शिक्का तिथेच पुसला जातो.) ॲलर्जीतज्ज्ञ त्वचेवर चाचणी करून किंवा देखरेखीखाली लहान डोस देऊन छडा लावतात. हे करून घेण्यासारखं आहे. शिक्का असलेल्या माणसाला आयुष्यभर जास्त व्यापक आणि बरेचदा कमी चांगली औषधं मिळत राहतात.

तातडीची लक्षणं: घेतल्यापासून तासाभरात अंगावर गांध्या उठणं, ओठ-जीभ-चेहरा सुजणं, धाप, घशात घुसमट, चक्कर. रुग्णवाहिका बोलवा, गोळी-सिरप शोधत बसू नका. काही दिवसांनी ताप, तोंडात-डोळ्यांत फोड आणि कातडी सोलवटणं असं दिसलं तरी लगेच रुग्णालय.

१४. सातव्या दिवशी मुलाच्या अंगभर लाल ठिपके आले. खाज नाही, मूल खेळतंय. ही ॲलर्जीच ना?

बहुधा नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसात छाती-पोटावर सुरू होणारं, सपाट, लालसर पुरळ मुलांमध्ये बरंच दिसतं. ते अनेकदा मूळ विषाणूचं असतं, किंवा विषाणू आणि औषध यांच्या संगतीचं. याचं ठळक उदाहरण म्हणजे एपस्टाइन-बार विषाणूचा ताप: घसा लाल, मानेत गाठी, कमालीचा थकवा. त्यात अमॉक्सिसिलिन दिलं की अनेकांच्या अंगावर भडक पुरळ उठतं, आणि तरीही पुढे आयुष्यात तेच औषध सोसतं.

डॉक्टरांना दाखवा आणि पुरळाचा फोटो काढून ठेवा. वर्षांनी "कसं होतं पुरळ?" असं कुणी विचारेल तेव्हा हा फोटोच कामी येतो. गांध्या, सूज, फोड असतील तर मात्र वरचं काही लागू नाही. प्रश्न १३ ची लक्षणं पाहा.

१५. पेनिसिलिनची ॲलर्जी असताना सेफॅलोस्पोरिन लिहून दिलंय. चालतं का?

सेफॅलोस्पोरिन हे पेनिसिलिनच्या नात्यातलंच अँटिबायोटिकचं घराणं. बहुतेकांना चालतं. "दहा टक्क्यांना रिॲक्शन येते" हा आकडा जुना. आता तो दोन टक्क्यांच्या आसपास किंवा कमीच धरतात. कळीची गोष्ट रेणूची शेपटी (प्रश्न १ मधली). सेफाड्रॉक्सिल आणि सेफप्रोझिल यांची शेपटी अमॉक्सिसिलिनसारखीच, सेफॅलेक्सिन आणि सेफॅक्लोरची ॲम्पिसिलिनसारखी. त्यामुळे या चौघांबाबत जास्त जपतात. मागची रिॲक्शन जिवावरची होती तर निर्णय डॉक्टरांचाच.

१६. दारू चालेल का?

अमॉक्सिसिलिनशी तिचं थेट भांडण नाही. ते भांडण मेट्रोनिडॅझोलच्या बाबतीत सांगतात. दाताच्या संसर्गात ही दोन औषधं एकत्र दिली जातात, तेव्हा चिठ्ठी पाहा. ताप आणि जुलाबात दारू तशीही शहाणपणाची नाही.

१७. गर्भनिरोधक गोळ्या निकामी होतात असं ऐकलं.

अमॉक्सिसिलिनने नाही. ते रिफॅम्पिसिनसारख्या औषधांनी होतं. पण जुलाब-उलट्या झाल्या तर गोळी शोषली जात नाही. तेवढ्या दिवसांसाठी दुसरं साधन वापरा.

१८. गरोदरपणात, अंगावर पाजताना?

दोन्ही वेळी वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिकमध्ये हे सर्वात जास्त अनुभवाचं. दुधातून थोडंसं उतरतं. बाळाला पातळ शी, तोंडात पांढरे डाग किंवा पुरळ दिसलं तर सांगा, पाजणं थांबवू नका. एक अपवाद: मुदतीआधीच गर्भजल गेलं असेल तर क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचं मिश्रण टाळतात, कारण नवजात बाळाच्या आतड्याच्या एका गंभीर आजाराशी त्याचा संबंध दिसला आहे.

१९. माझ्या रोजच्या गोळ्या चालू आहेत. कोणत्या सांगायला हव्यात?

सगळ्या सांगा, पण चार तर नक्कीच. वॉरफॅरिन: रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) मधेच तपासून घ्यावा. मेथोट्रेक्सेट: लघवीतून बाहेर पडण्याचा त्याचा वेग मंदावतो आणि ते अंगात साठून विषारी ठरू शकतं; आठवड्यातून एकदाच घेता म्हणून सांगायचं विसरू नका. ॲलोप्युरिनॉल: पुरळ येण्याचं प्रमाण वाढतं. मायकोफेनोलेट, म्हणजे अवयव प्रत्यारोपणानंतरची गोळी: तिची पातळी उतरू शकते.

प्रोबेनेसिड हे संधिवाताचं एक औषध अमॉक्सिसिलिनला मूत्रपिंडातून बाहेर पडू देत नाही. हा दोष कधीकधी मुद्दाम वापरतात. पेनिसिलिन दुर्मिळ होतं तेव्हा तर रुग्णांच्या लघवीतून ते परत गाळून घेत!

२०. मूत्रपिंड किंवा यकृताचा त्रास असेल तर?

मूत्रपिंड बरंच मंदावलेलं असेल तर डोस किंवा वेळा कमी कराव्या लागतात. साठलं तर झटके येऊ शकतात. यकृताच्या बाबतीत नजर क्लॅव्हुलॅनिक ॲसिडवर ठेवायची. त्याने कावीळ होऊ शकते, क्वचित, मुख्यतः वयस्क पुरुषांत आणि लांबलेल्या कोर्सनंतर. चकवा असा की ती कोर्स संपून काही आठवडे झाल्यावरही उगवते, त्यामुळे संबंध लक्षातच येत नाही. एकदा झाली असेल तर ते मिश्रण पुन्हा घ्यायचं नाही.

२१. मागच्या वेळच्या सहा कॅप्सूल उरल्यात. तशीच लक्षणं आहेत.

लक्षणं तशीच असली तरी आजार तोच असेल असं नाही (प्रश्न ३). आणि सहा कॅप्सूल म्हणजे कशाचाच पुरा कोर्स नाही. वर, घेतल्यावर कल्चर केलं तर जंतू उगवतच नाही आणि निदान अडतं. शेजाऱ्याच्या मुलाला देणं तर नकोच. त्याला ॲलर्जी आहे का, तुम्हाला ठाऊक नाही. उरलेल्या गोळ्या केमिस्ट परत घेत असेल तर द्या. संडासात किंवा मोरीत ओतू नका.

२२. सारखं घेतल्याने शरीराला सवय होते का?

शरीराला नाही, जंतूंना होते. आणि ते जंतू तुमच्यातून घरच्यांकडेही जातात. २०१९ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले असा अंदाज आहे.

फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात हेच सांगितलं होतं. त्यांच्या कल्पित गोष्टीतला माणूस घसादुखीवर अपुरं पेनिसिलिन घेतो, त्याचे स्ट्रेप्टोकोकस ते पचवायला शिकतात आणि बायकोला तोच संसर्ग होतो. इशारा खरा ठरला, पण जंतू चुकला: घशाचा तो स्ट्रेप्टोकोकस आजही पेनिसिलिनला शरण येतो. बाकीचे मात्र शिकले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकची तीन गटांत विभागणी केली, त्यात अमॉक्सिसिलिन पहिल्या, म्हणजे आधी वापरायच्या गटात आहे. तेव्हा जिवाणूचा आजार असताना डॉक्टरांनी हे जुनं, साधं औषध लिहिलं तर त्यांनी हलकं औषध दिलं असं समजू नका.

२३. दात काढायच्या तासभर आधी चार कॅप्सूल एकदम घ्यायला सांगितल्यात. चूक तर नाही ना?

५०० च्या चार, म्हणजे २ ग्रॅम. चूक नाही, जर तुमच्या हृदयात कृत्रिम झडप असेल, झडपेला पूर्वी जंतुसंसर्ग झाला असेल किंवा काही विशिष्ट जन्मजात दोष असतील. दात काढताना तोंडातले जंतू रक्तात उतरतात आणि अशा झडपेवर घर करू शकतात; त्याला अटकाव म्हणून ३० ते ६० मिनिटं आधी हा एकच मोठा डोस. हे नियम देशोदेशी थोडे वेगळे आहेत. गुडघा बदललेल्यांना सहसा याची गरज नसते, तरी सवयीने विचारलं जातं.

२४. औषध चालू असताना लघवीत साखर दिसली. मधुमेह झाला?

तपासणी कशी केली ते पाहा. तांब्याच्या क्षारावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत, बेनेडिक्टच्या द्रावणात वगैरे, अमॉक्सिसिलिनमुळे खोटीच साखर दिसू शकते. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या पट्टीवर असं होत नाही. पट्टीने पुन्हा पाहा, आणि तरीही दिसली तर रक्त तपासून घ्या.